विजेची गाडी आणि भाड्याचे घर

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गल्लीत एक नित्याचा प्रसंग घडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक काळी वायर खाली सोडली जाते. पहिल्या मजल्याच्या सज्जात ती अडकू नये म्हणून घरातील कोणीतरी ती काठीने बाजूला धरते, आणि खाली भिंतीशी उभ्या असलेल्या विजेवरच्या स्कूटरला ती जोडली जाते. वायर प्रस्तुत लेखकाची, स्कूटरही त्याचीच. घर मात्र दुसऱ्याचे. पावसाचे चार थेंब पडले की धावत जाऊन वायर वर ओढायची, रात्री वीज गेली तर ती परत केव्हा आली याचा अंदाज घेत झोपायचे, आणि सकाळी महाविद्यालयात निघताना स्कूटरच्या पडद्यावरचा आकडा पाहून दिवसाचा बेत ठरवायचा, असा हा क्रम गेली काही वर्षे चालू आहे.

पहिल्या महिन्याचे वीजबिल आले तेव्हा घरमालक ते हातात घेऊन जिना चढून वर आले. गृहस्थ सज्जन, बोलणेही सौम्य. “सर, गाडी तुमची, पण बिल त माह्या नावानं येते ना!” एवढेच ते म्हणाले. या एका वाक्यात विजेवरच्या वाहनांचा अवघा आर्थिक प्रश्न सामावलेला आहे, असे तेव्हापासून वाटत आले आहे. सरकारे वाहनाच्या किमतीचा विचार करतात, कारखानदार बॅटरीचा करतात, वृत्तपत्रे महामार्गावरील चार्जिंग केंद्रांचा करतात. प्लग कोणाच्या भिंतीवर आहे, हा साधा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न साधा असला तरी क्षुल्लक नाही, हे पटवण्यासाठी एका वेगळ्या वाहनाची हकीकत सांगणे उपयुक्त ठरेल. पाश्चात्त्य देशांत व चीनमध्ये ‘प्लग-इन हायब्रिड’ नावाची एक मोटार गेली दीड दशके चालते आहे. हिच्यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि भिंतीवरच्या प्लगला जोडून चार्ज करता येईल अशी बॅटरीही. चीनमधील बीवायडी कंपनीने २००८ च्या अखेरीस अशी मोटार प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. अमेरिकेत शेवरोले व्होल्ट २०१० च्या डिसेंबरमध्ये आली. कल्पना मोठी मोहक होती. रात्री घरी गाडी प्लगला लावावी, सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर निव्वळ विजेवर जावे, आणि लांबचा प्रवास निघाला तर पेट्रोलवर निर्धास्त पुढे जावे. कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाची रोजची रपेट यापेक्षा अधिक नसते. म्हणजे बहुतेक दिवस पेट्रोलचा थेंबही लागू नये. या हिशेबावर विसंबून युरोपातील सरकारांनी या मोटारींना करसवलती दिल्या.

प्रत्यक्षात काय घडले? युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदल्या गेलेल्या मोटारींच्या आतील इंधनमापकांचे आकडे गोळा करून २०२४ च्या मार्चमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील चाचणीत या मोटारी जेवढा कर्बवायू सोडतील असे दाखवले गेले होते, त्याच्या सरासरी साडेतीनपट वायू त्या रस्त्यावर सोडत होत्या. मोटारीत यांत्रिक दोष नव्हता. दोष होता तो एवढाच की माणसे ती प्लगला लावीत नव्हती. या मोटारींपैकी पुष्कळशा कंपन्यांनी आपल्या नोकरवर्गासाठी घेतलेल्या होत्या. पेट्रोलचे बिल कंपनी भरी. घरच्या विजेचे बिल मात्र नोकराच्या खिशातून जाई. मग कोणता शहाणा माणूस रात्री वायर जोडण्याची तसदी घेईल? ब्रिटनमध्ये २०१८ साली तर अशाही बातम्या आल्या की, कंपन्यांनी परत केलेल्या काही मोटारींत चार्जिंगच्या वायरी वेष्टनातून बाहेरसुद्धा काढलेल्या नव्हत्या. त्याच वर्षी ब्रिटनने या मोटारींवरील खरेदी अनुदान बंद केले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही कथा पाठ करून ठेवावी अशी आहे. अनुदान वस्तूला दिले, वापराला दिले नाही. गाडी विकत घेणे स्वस्त केले, प्लग लावणे मात्र महाग किंवा कटकटीचे राहू दिले. माणूस गाडीवर लिहिलेल्या हेतूप्रमाणे वागत नाही, तो स्वतःला पडणाऱ्या खर्चाप्रमाणे वागतो, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा युरोपातील धोरणकर्त्यांना फार मोठी फी भरून शिकावा लागला.

कोणी म्हणेल, वाशिमला या परदेशी मोटारींचे काय? आपल्या देशात प्लग-इन हायब्रिड मिळते ती उंची, महागड्या मोटारींच्या वर्गात. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगाराशी तिचा संबंध नाही. हे खरे. तथापि थोडे बारकाईने पाहिले तर तिचेच एक देशी रूप आपल्या घरोघरी उभे आहे असे दिसेल. ते एका मोटारीत नसते. एका कुटुंबात असते. विजेवरची स्कूटर गावातल्या कामासाठी आणि पेट्रोलची मोटारसायकल बाहेरगावासाठी, अशी जोडी आता मध्यमवर्गीय घरांतून रूढ होऊ लागली आहे. माझ्याच घरी महाविद्यालय, बाजार, मुलीची शिकवणी हे सर्व स्कूटरवर होते. मानोरा तालुक्यातील आमच्या गावी जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात, तेव्हा जुनी मोटारसायकल बाहेर निघते. सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याला जायचे तर एस. टी. किंवा रेल्वे आहेच. एका अंगणात दोन इंधने नांदतात, आणि आज कोणते वापरायचे याचा निर्णय रोज सकाळी होतो. युरोपातील नोकरदारासमोर जो पेच होता तोच हा पेच आहे, आणि त्याचे उत्तरही तसेच ठरते: काल रात्री प्लग मिळाला होता की नाही?

प्लग मिळाला तर लाभ किती, याचा हिशेब कोणालाही करता येईल. रोज १५ किलोमीटर म्हणजे महिन्याला सुमारे ४०० किलोमीटर धरू. अशा स्कूटरला १०० किलोमीटरला साडेतीन युनिट वीज लागते असे धरले तर महिन्याची १४ युनिटे झाली. युनिटचा दर १२ रुपये धरला तरी खर्च १६८ रुपये. हेच अंतर लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीने कापायचे तर ८ लिटर पेट्रोल लागेल. १०५ रुपये भावाने ते ८४० रुपयांचे होते. महिन्याला साडेसहाशेहून अधिक रुपयांची बचत ही कनिष्ठ लिपिकाच्या किंवा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या संसारात दुर्लक्ष करण्याजोगी रक्कम नव्हे. आणि देशाच्या दृष्टीने पाहिले तर आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. तेव्हापासून त्या प्रदेशातील प्रत्येक संकटाची झळ आपल्या वाणसामानाच्या यादीपर्यंत पोहोचते. तेव्हा विजेवरच्या वाहनांना शासनाने उत्तेजन द्यावे, यात गैर काही नाही.

प्रश्न आहे तो उत्तेजनाच्या दिशेचा. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१९ पासून ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १०,००० कोटी रुपयांची तरतूद करून सुरू केला. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून विजेवरच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही १०,९०० कोटींची योजना आणली. तिच्यातील २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी आहेत. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये आपले धोरण जाहीर केले. २०२५ च्या धोरणात विजेवरच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर पथकरमाफी देण्याचे ठरले. हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांच्या शिवारातून जातो. ५ जून २०२५ रोजी तो नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. त्या रस्त्यासाठी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आणि त्या रस्त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. वाशिम जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतील रोखपाल, महाविद्यालयातील विद्यार्थी यांच्यापैकी जे कोणी विजेचे वाहन घेतील ते बहुधा दुचाकी घेतील. विजेच्या नावाने होणारा प्रवासातला जो लाभ आपल्या जिल्ह्यातून जातो, तो ताशी १२० किलोमीटर वेगाने जातो आणि येथे उतरत नाही. पथकरमाफी नको असे माझे म्हणणे नाही. पण नागपूरहून मुंबईला विजेच्या मोटारीतून जाणाऱ्याला स्वतःच्या घरी वाहनतळ असतो, त्या वाहनतळाच्या भिंतीवर प्लगही असतो. त्याची अडचण वाटेतली आहे आणि शासन ती सोडवीत आहे. आमची अडचण मुक्कामाची आहे, आणि ती कोणाच्या खात्यात येते हेच ठरलेले नाही.

मुक्कामाच्या या अडचणीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले की, कोणालाही आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरच वाहन चार्ज करता येईल. तत्त्व उत्तम. पण भाडेकरूची जोडणी बहुधा त्याची नसतेच. ती घरमालकाची असते, आणि भाडेकरूकडे असतो तो पोटमीटर. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटे एका दराने, पुढची ३०० पर्यंतची त्याहून बऱ्याच चढ्या दराने, आणि त्यापुढे आणखी. घरमालकाची ९० युनिटे आणि भाडेकरूची ९० युनिटे स्वतंत्र मीटरवर असती तर दोघेही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर ती आली की १८० होतात, आणि ८० युनिटे वरच्या दराने मोजली जातात. त्यात स्कूटरची १४ युनिटे पडतात तीही सर्वच्या सर्व वरच्या टप्प्यात. मी वर्गात सरासरी दर आणि सीमांत दर यांतील भेद दोन तास घेऊन शिकवतो. आमच्या घरमालकांना तो एका बिलावरून कळला, आणि त्यांनी स्कूटरच्या विजेला सीमांत दर लावला. शास्त्रदृष्ट्या त्यांना दोष देता येत नाही.

मग भाडेकरूने स्वतःचे मीटर का घेऊ नये? २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ जागेच्या मालकाबरोबर भोगवटादारालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. पण कायद्याचे पुस्तक आणि गल्लीतील व्यवहार यांत अंतर आहे. भाडेकरूच्या नावाने मीटर लागले की तो उद्या त्या कागदाच्या आधारे जागेवर हक्क सांगेल, ही भीती घरमालकांच्या मनात खोल रुजलेली आहे. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, बदलीच्या नोकरीतला माणूस या वादात पडण्यापेक्षा वायर खिडकीतून सोडणे पत्करतो. कोणी काढता येणारी बॅटरी पिशवीत घालून दोन जिने चढतो. कोणी दोन महिने हे सर्व करून पाहतो आणि मग पुन्हा पेट्रोलच्या रांगेत उभा राहतो. विजेची स्कूटर मात्र अनुदानाच्या आकडेवारीत मोजली गेलेलीच असते. ब्रिटनमधील ती वेष्टनातली वायर आणि गल्लीत धूळ खात उभी असलेली स्कूटर ही एकाच चुकीची दोन रूपे होत.

छपरावरच्या सौर विजेचीही कथा निराळी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्याला छप्पर आहे त्याला ते मिळते. ज्याला छप्पर भाड्याचे आहे त्याने इतरांच्या छपरांकडे पाहावे. जमीन, छप्पर, वाहनतळ आणि प्लग या चारही गोष्टी एकाच हातात असतील तर नव्या युगाचे सारे लाभ त्या हातात एकवटतात. घर नसलेला नोकरदार वर्ग त्या युगाची वर्गणी भरतो, प्रसाद मात्र दुसरीकडे वाटला जातो.

यावर उपाय काय? मला सुचतो तो फार भव्य नाही, आणि म्हणूनच तो शक्य आहे. सर्वसामान्य नोकरदाराचे वाहन दिवसाचे सहा-सात तास एका ठिकाणी नक्की उभे असते. ते ठिकाण म्हणजे त्याची शाळा, महाविद्यालय, तहसील, पंचायत समिती, बँक. याच वेळात सूर्य माथ्यावर असतो. वऱ्हाडातल्या उन्हाची महती वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. रात्री चार्ज होणारी गाडी शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारससारख्या केंद्रातला कोळसा जाळून चार्ज होते. दुपारी चार्ज होणारी गाडी सूर्यावर होऊ शकते. दिवसा वीज मुबलक असते हे दर ठरवणाऱ्यांनाही पटलेले आहे. २०२५ च्या दरनिश्चितीत स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत ठेवण्यात आली ती याच कारणाने. गंमत एवढीच की, त्या वेळी शिक्षक शाळेत असतो, कारकून कचेरीत असतो, आणि त्यांची वाहनेही तेथेच असतात. सवलत घरी, वाहन कचेरीत.

तेव्हा प्लग कचेरीत न्यावा. सायकल-स्कूटर ठेवण्याच्या शेडमध्ये साधी १६ अँपिअरची सॉकेट्स, योग्य अर्थिंग, दोषप्रसंगी वीज तोडणारे स्विच आणि वापर मोजणारे मीटर एवढ्यावर काम भागते. महामार्गावरच्यासारखे लाखो रुपयांचे जलद चार्जिंग यंत्र दुचाकीला लागत नाही. हिशेब पाहा. रोज १५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला दिवसाला सुमारे अर्धे युनिट पुरते. अशा ५० स्कूटरींना २५ युनिटे लागतील. छपरावरचा एक किलोवॅटचा सौर संच आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे सहा-सात किलोवॅटचा संच ५० जणांची ने-आण भागवील. कोणत्याही महाविद्यालयाच्या इमारतीवर याच्या कितीतरी पट जागा मोकळी तापत पडलेली असते.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. आमच्या माहितीतील एका संस्थेत असा अर्ज गेला तेव्हा मुख्य लिपिकांनी विचारले, “सर, हे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचं?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक विजेवर खाजगी वाहन फुकट चालावे, असे कोणीच म्हणू नये. फुकट विजेने कृषिपंपांच्या बाबतीत काय होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रत्येकाने युनिटमागे दर द्यावा, आणि तो पगारातून कापला जावा. विद्यार्थ्यांनी तो मासिक शुल्काने द्यावा. ती जमा कोणत्या शीर्षाखाली घ्यायची हे सांगणारे एक परिपत्रक शासनाने काढले की मुख्य लिपिकांचा प्रश्न सुटतो. कधीकधी सुधारणा अडते ती पैशाअभावी नव्हे, शीर्षाअभावी.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बॅटरीला आग लागली तर? काळजी रास्त आहे. पण खिडकीतून लोंबणारी, पावसात भिजणारी, पंख्याच्या बोर्डाला जोडलेली वायर अधिक धोक्याची की उघड्या शेडमधील नीट बसवलेले सॉकेट, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्याकडे कोणतेच वाहन नाही त्यांचे काय? रिसोड आणि मालेगाव तालुक्यांतील खेड्यांतून येणारी आमची बहुसंख्य मुले-मुली एस. टी.ने येतात. त्यांच्या दृष्टीने विजेची खरी गाडी म्हणजे विजेची बस. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून २०२२ रोजी पहिली ‘शिवाई’ धावली, तशा बसेस तालुक्याच्या रस्त्यांवर नियमित धावल्या तर त्याहून चांगले काही नाही. परंतु बस येईपर्यंत शेडमधले सॉकेट थांबवून ठेवल्याने बस लवकर येणार नाही. दोन्ही गोष्टींची मागणी एकाच श्वासात करता येते.

वाशिम १९९८ मध्ये जिल्हा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षा हा शब्द मोठा आहे. तो नेहमी मोठ्या रस्त्यांनी आणि मोठ्या आकड्यांनीच मोजायचा असे नाही. येत्या शैक्षणिक वर्षात जिल्ह्यातील सहा तालुक्यांच्या ठिकाणी प्रत्येकी एका शाळेच्या, एका महाविद्यालयाच्या आणि एका शासकीय कचेरीच्या शेडमध्ये मीटर लावलेली दहा-दहा सॉकेट्स बसवून पाहावीत. वर्षअखेर किती युनिटे वापरली गेली आणि किती वसुली झाली, याचे आकडे सूचनाफलकावर लावावेत. प्रयोग फसला तर नुकसान काही हजारांचे. साधला तर अनुदान वाहनाला द्यावे की वापराला, या वादाचे उत्तर एका मागास म्हणवणाऱ्या जिल्ह्याने दिलेले असेल.

तोपर्यंत आमच्या खिडकीतून वायर खाली येत राहील. घरमालकांचा आणि माझा स्नेह अबाधित आहे. दर महिन्याच्या बिलावर ते स्कूटरची युनिटे पेन्सिलीने वेगळी मांडतात आणि मी ती बिनतक्रार भरतो. पण हा व्यवहार दोघांच्या सौजन्यावर चाललेला आहे, आणि देशाचे इंधनधोरण कोणाच्या सौजन्यावर चालू नये.